पाळी चुकण्याआधीचे प्रश्न

या खेपेच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वाक्याने सुरू होतात : ‘मॅडम, पाळी चुकली आहे, आता काय करू?’ त्या सगळ्यांना थेट उत्तरं पाठवली आहेत, कारण तिथे सदराची वाट बघून चालत नाही. इथे घेतली आहेत ती उरलेली पत्रं, म्हणजे ज्यांनी वेळेत विचारलं त्यांची. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी 23 वर्षांची आहे, पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. गेल्या दोन महिन्यांत तीनदा इमर्जन्सी गोळी घेतली. आता पाळी कधी बाराव्या दिवशी येते, तर कधी चाळीस दिवस येत नाही. एरवी आम्ही अ‍ॅपमधले ‘सुरक्षित दिवस’ पाळतो. मैत्रीण म्हणते, या गोळीने पुढे मूल होत नाही. खरं आहे का?

नाही. या गोळीने वंध्यत्व येत नाही, त्यामुळे ती भीती आधी डोक्यातून काढा. पण दोन महिन्यांत तीनदा ती लागली, याचा अर्थ तुमच्याकडे गर्भनिरोधनाचं रोजचं असं साधनच नाही. माझी काळजी ती आहे.

गोळीत काय असतं ते सांगते. लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन, 1.5 मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळीत हेच औषध 0.15 मिलिग्रॅम असतं. म्हणजे दहा दिवसांचं औषध तुम्ही एका घोटात घेतलंत, तेही तीनदा. पाळी बावचळणारच! ही गोळी अंडं बाहेर पडायचं लांबवते. अंडं आधीच सुटलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, आणि गर्भ रुजला असेल तर ती तो पाडतही नाही. म्हणून घड्याळ महत्त्वाचं. पाकिटावर 72 तास लिहिलेलं असतं, पण पहिल्या दिवशी ती जितकं काम करते तितकं तिसऱ्या दिवशी करत नाही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर लघवीची तपासणी करायची. आणि त्याच रात्री पुन्हा संबंध आला तर सकाळच्या गोळीचं संरक्षण त्याला नाही, हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत.

आता ‘सुरक्षित दिवस’. अंडं सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. मागच्या पाळीनंतर चौदा दिवसांनी नव्हे. ही गल्लत शिकल्या-सवरल्या घरांतही होते. अंडं जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. पुढची पाळी नेमकी कधी येणार हे ठाऊक असेल तरच हे गणित सुटणार. तुमची पाळी तर गोळ्यांनी विस्कटलेली आहे. अ‍ॅप बिचारं मागच्या महिन्यांच्या तारखांवरून अंदाज बांधतं, आणि तुम्ही त्या अंदाजावर विसंबून चौथी गोळी घ्यायची वेळ आणता.

तुमच्यासाठी सरळ मार्ग रोजच्या गोळीचा. 21 पांढऱ्या गोळ्या आणि सात लोहाच्या, रात्री जेवणानंतर ठरलेल्या वेळी. एक विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची. लागोपाठ दोन किंवा जास्त विसरल्या तर गोळी सुरू ठेवून सात दिवस निरोधही वापरायचा. मात्र रक्तदाब, डोळ्यांपुढे लकाकी येऊन उठणारी अर्धशिशी, किंवा तुम्हाला पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल तर ही गोळी नको, म्हणून सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरला भेटा. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी गोळीचा असर कमी होतो. आणि निरोध सोडू नका, कारण गुप्तरोगांपासून गोळी वाचवत नाही. तो आणायला मित्राला पाठवा. मेडिकलवाल्याच्या नजरेचा भार दर वेळी तुम्हीच का उचलायचा?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. शाळेने ‘किशोरवयीन आरोग्य’ या विषयावर सत्र ठेवलंय आणि पालकांची संमती मागितलीय. मी जुन्या विचारांचा नाही, पण ज्या गोष्टी पोरींना माहीत नाहीत त्या आपणच दाखवायच्या कशाला?

दादा, तुमच्या घरात मोबाइल आहे ना? मग ‘माहीत नाही’ हा शब्द जरा सांभाळून वापरू. पोरांना बरंच काही दिसलेलं असतं. फक्त त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

हा आक्षेप जुना आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून! त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. हे सदर लिहायला बसते तेव्हा मला तो खटला हटकून आठवतो. अगदी अलीकडे, 2007 मध्ये, शाळांतल्या याच विषयाच्या कार्यक्रमाला विरोध करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता.

शिकवल्याने मुलं बिघडतात का, हे जगभर तपासून झालं आहे. युनेस्कोने 2018 च्या मार्गदर्शक पुस्तिकेत त्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. लैंगिक शिक्षणाने मुलांमधले संबंध वाढत नाहीत. उलट पहिला संबंध पुढे ढकलला जाण्याकडे आणि निरोधाचा वापर वाढण्याकडे कल दिसतो.

पण अहवाल बाजूला ठेवा. माझ्याकडे एक आई सतरा वर्षांच्या लेकीला घेऊन आली, ‘पोटात गोळा झालाय’ म्हणून. पाचवा महिना सरत आला होता. पाळी आली नाही याचं त्या मुलीला बरंच वाटलं होतं, कटकट गेली म्हणून! पाळी आणि दिवस राहणं यांचा संबंध तिला कुणीच जोडून दिला नव्हता. घरात ‘कावळा शिवला’ एवढंच बोललं जायचं, शाळेत तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिलेला. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली होती, हे सांगायलाही तिच्याकडे शब्द नव्हते. तुमच्या मुलीला हे शब्द मिळावेत एवढीच त्या सत्राकडून माझी अपेक्षा आहे. संमतिपत्रावर सही करा, आणि तिला भाऊ असेल तर त्यालाही बसवा. पुढे काही खासगी विचारायचं असलं तर बऱ्याच सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतात.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात आशा सेविका आहे. आमच्या वाडीतल्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला, कोयत्यावर जातात त्या थेट उन्हाळ्यात परततात. एकीचं बाळ आठ महिन्यांचं आहे, अजून पाळी आलेली नाही. ती म्हणते, अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत. दुसरी म्हणते, दर महिन्याची कटकट नको, पिशवीच काढून टाकते. मी यांना काय सांगू?

ताई, या टपालातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं.

पहिलीचं बोलणं अर्धं खरं आहे. अंगावर पाजण्याने संरक्षण मिळतं, पण तिन्ही अटी एकत्र जुळल्या तरच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला रात्रंदिवस फक्त आईचं दूध हवं, पाणी किंवा घुटीही नको, आणि पाळी परत आलेली नको. आठव्या महिन्यात बाळ वरचं खातं. म्हणजे तीनपैकी दोन अटी मोडल्या. शिवाय बाळंतपणानंतर अंडं आधी सुटतं, पाळी नंतर येते. पाळी न पाहताच पुन्हा दिवस राहिलेल्या बाया तुमच्या वहीतही सापडतील.

तिच्यासाठी मी पहिला मान तांबीला, म्हणजे कॉपर-टीला देईन. आधी दिवस नाहीत एवढी खात्री करून घ्या. 380-ए जातीची तांबी दहा वर्षं चालते, 375 जातीची पाच वर्षं. एकदा बसवली की फडावर काही लक्षात ठेवावं लागत नाही, आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जातं, कळ येते, हे आधीच सांगा. न सांगितल्यामुळेच बाया घाबरून ती काढायला येतात. तांबी पोटात वर चढत नाही की काळजाला जाऊन लागत नाही, हेही एकदा मोठ्याने सांगून टाका. पुढच्या बाळंतिणींना तर प्रसूतीनंतर 48 तासांच्या आतच ती बसवता येते, घरी जायच्या आधी.

तांबी नकोच असेल तर ‘अंतरा’चं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. निघण्याच्या आदल्या आठवड्यात पहिलं दिलंत तर दुसऱ्याची तारीख हंगामाच्या मध्यावर, ऐन गाळपात येते. इंजेक्शनचं कार्ड फडावरच्या कोपीत नव्हे, तिच्या बटव्यात राहील असं बघा. कारखान्याच्या परिसरातल्या सरकारी केंद्रातही ते दाखवून इंजेक्शन मिळायला हवं. उशीर झालाच तर चार आठवड्यांपर्यंत चालतो, त्यापुढे नाही. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. यात पाळी अनियमित होते, पुष्कळदा बंदच होते. त्याने ‘घाण रक्त’ पोटात साचत नाही. अस्तरच पातळ राहतं, म्हणून येत नाही. थांबवल्यावर दिवस राहायला मात्र सात ते दहा महिने लागू शकतात, तेवढं ध्यानात असू द्या.

तिसरी ‘छाया’ची गोळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली, अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालणारी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून एकदाच. मी बायांना सांगते, पहिली गोळी ज्या वाराला पडली तो बाजाराचा वार आहे असं समज. बाजार कुणी विसरत नाही.

आता पिशवी. गर्भाशय काढणं हा गर्भनिरोधनाचा उपाय नाही आणि पाळीची कटकट थांबवण्याचाही नाही. ऊसतोड करणाऱ्या बायांची ही ऑपरेशनं किती झाली यावर आपल्या जिल्ह्याची चर्चा सगळ्या राज्यात होऊन गेली आहे. तुम्हाला मी काय सांगावं! पाळीत खाडा झाला की मजुरी बुडते, फडाजवळ संडास नाही, पाणी नाही, आणि उचल तर आधीच घेतलेली. हे सगळं दुखणं बाईने एका ऑपरेशनवर ढकललेलं असतं, आणि त्यासाठी पुन्हा कर्ज काढलेलं. तीस-पस्तिशीत पिशवी काढली की रजोनिवृत्तीही लवकर येऊ शकते. अंडाशयही काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, कंबर जाते. तिला ऑपरेशनच करायचं असेल आणि मुलं पुरे झाली असतील तर कुटुंबनियोजनाचं करा. त्यात नळ्या बांधतात, पिशवीला हात लावत नाहीत. रक्तस्राव खरोखर जास्त असेल तर त्याचं कारण शोधून आधी औषध.

प्रश्न : वय 36, दोन मुलं, बायकोची दोन्ही सिझेरियन. ती म्हणते आता ऑपरेशन तुम्ही करा. मी गवंडीकाम करतो. नसबंदीने अशक्तपणा येतो म्हणतात, नंतर ओझं उचलवत नाही.

बायकोचं ऐका. तिचं पोट दोनदा फाडून झालंय.

बिनटाका नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची असते, जागा बधिर करून, बारीक छिद्रातून. शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद होतात. पुरुषी हार्मोन रक्तात मिसळतं, त्याचा या नळ्यांशी संबंध नाही. म्हणून ताकद, दाढी, इच्छा, सगळं होतं तसंच राहतं. वीर्यही येतं, त्यात फक्त बी नसतं. दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर ओझं नाही, एवढं पथ्य. सरकारी रुग्णालयात केलीत तर बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही मिळते.

एक गोष्ट मात्र पाठ करा. नसबंदी त्या दिवसापासून लागू होत नाही. नळीत राहिलेले शुक्रजंतू संपायला तीन महिने लागतात. तोवर निरोध, आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून ‘शुक्रजंतू नाहीत’ असा कागद हातात आल्यावरच मोकळे. हे न सांगितल्यामुळे संसार मोडायची वेळ आलेली मी पाहिली आहे. नवऱ्याची नसबंदी आणि दोन महिन्यांत बायकोला दिवस!

देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुषांच्या नसबंदीचं 0.3 टक्के निघालं. आणीबाणीतल्या सक्तीची भीती यामागे आहे, मान्य. पण तिला आता पन्नास वर्षं होत आली.

प्रश्न : लग्न झालेलं नाही. निरोध फाटून दिवस राहिले तर कायद्याने गर्भपात करता येतो का? घरच्यांना कळवतात का?

येतो. 1971 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हा साधन फसल्याचं कारण फक्त ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ यांच्यापुरतं राहिलं नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे 24 पर्यंत ठराविक परिस्थितीतच आणि दोघांचं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये त्यातही अविवाहितेला डावलता येणार नाही असं स्पष्ट केलं. वय 18 पूर्ण असेल तर सही फक्त तुमची. आईवडिलांची किंवा जोडीदाराची मागितली तर ती कायद्याने लागत नाही असं सांगा. तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अठराखालच्या मुलीसाठी मात्र पालकाची लेखी संमती लागते आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं.

दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटून जिवावर बेततं. आणि निरोध फाटल्याचं त्याच रात्री कळलं असेल तर गर्भपातापर्यंत जायचंच कशाला? गोळी तीन दिवसांत, किंवा पाच दिवसांच्या आत तांबी. आणीबाणीचं साधन म्हणून तांबी गोळीपेक्षाही खात्रीची, आणि पुढची कैक वर्षंही भागतात.

प्रश्न : दोन निरोध एकावर एक घातले तर जास्त सुरक्षित ना? (वय 19)

नाही रे बाबा. घासून दोन्ही फाटतात. एकच घाल, पण आधी तारीख बघ आणि टोकाला चिमटीत धरून हवा काढ. तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, रबर विरतं. काम झालं की बुडाशी धरून लगेच बाहेर ये. आणि पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला असेल तर तो टाकून दे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पेटीत फुकट असतात, तिथे कुणी नाव विचारत नाही.