फुल फेस लेसर पॅकेज? निदान गाल तरी सोड गं

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. हनुवटीखाली आणि गळ्यावर राठ केस, दर आठवड्याला पार्लरमध्ये थ्रेडिंग, सोनोग्राफीत पीसीओएस (अंडाशयाची आणि हार्मोनची गडबड) निघालेलं, आणि आता क्लिनिकवाल्यांचा फोन की महिनाअखेरपर्यंत केस घालवायच्या फुल फेस लेसरच्या ८ सिटिंगवर मोठी सूट आहे, घेऊ का म्हणून विचारलंयस. अगं, मी यातून गेलेय, त्या महिनाअखेरसकट. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. आणि मी डॉक्टर नाही, बँकेत काउंटरवर बसते, त्यामुळे औषधांबद्दल जे लिहितेय ते डॉक्टरांना विचारायचे मुद्दे समज, परस्पर मेडिकलमधून आणून घेऊ नकोस.

पीसीओएस म्हणजे काय, वजन, व्यायाम वगैरे तुला सगळ्यांनी सांगून झालं असेल, ते सोडते.

मुद्दा गालांचा आहे. तुझे राठ काळे केस हनुवटीवर आणि गळ्यावर आहेत ना? गालांवर जी आहे ती लव आहे, सगळ्यांना असते. लेसर केसातला काळा रंग पकडतो, त्या रंगाने उष्णता खेचून मूळ जळायला हवं. लव बारीक आणि फिकी, तिच्यात पकडायला रंग फारच कमी, म्हणजे मूळ जळत नाही, नुसतं शेकतं. आणि अशा अर्धवट शेकण्याने काही जणींमध्ये उलटं होतं, लव जागी होते आणि तिचे जाड काळे केस होतात. याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात. सगळ्यांना होत नाही हे खरं, पण ज्यांना होतं त्यांच्यात चेहरा आणि गळा, सावळा वर्ण आणि हार्मोनचा त्रास असलेल्या बायका जास्त असतात. म्हणजे तू आणि मी.

मला हे कोणीही सांगितलं नाही. ज्या क्लिनिकमध्ये गेले (नाव लिहीत नाही, उगाच नोटिसा नकोत) तिथे डॉक्टर फक्त पहिल्या दिवशी काचेपलीकडे दिसले. पाळी नियमित आहे का, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही. ‘काउन्सेलर’ म्हणून बसवलेल्या मुलीने हनुवटीचं पॅकेज महाग आणि फुल फेस ‘व्हॅल्यू फॉर मनी’ असं कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. मशीन कुठलं विचारलं तर म्हणे, ‘लेटेस्ट आहे मॅम.’ ते लेसर नव्हतंच, आयपीएल होतं, हे नंतर कळलं. आयपीएल म्हणजे अनेक तरंगलांबींचा झगझगीत प्रकाश, आपल्या रंगाच्या कातडीत तो केसाआधी कातडीलाच चटका देऊ शकतो. काही सिटिंगनंतर कानासमोरून जबड्यापर्यंत, जिथे जन्मात काही नव्हतं, तिथे कल्ले यायला लागले. स्कूटीच्या आरशात उन्हात बघितलं तेव्हा एकेक केस मोजता येत होता. क्लिनिकमध्ये दाखवलं तर उत्तर काय, ‘मॅम, हे हार्मोनल आहे, अजून सिटिंग लागतील.’ आत्ता आठवले यांना हार्मोन!

एवढ्यावर संपलं नाही. चटक्यांचे काळे डाग पडले त्यावर त्यांनीच एक ट्यूब दिली, लेबलवर क्लिनिकचं स्टिकर चिकटवलेलं. डाग खरंच उजळले, त्यामुळे लावत राहिले. शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत गेले, केसपेपर काढून लाइनीत बसून. तिथल्या मॅडमनी नखाने ते स्टिकर खरवडलं आणि खालचं नाव वाचलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं म्हणजे स्टेरॉइड. चेहऱ्यावर फार दिवस लावलं की कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, आणि वर आणखी केस येतात! केस घालवायला गेलेल्या बाईला केस आणणारी क्रीम. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी अजून बिनधास्त मिळतात, ‘गोरं करणारी’ म्हणून पार्लरमध्येसुद्धा. तुझ्याकडे अशी काही ट्यूब असेल तर मागची बारीक अक्षरं आजच वाच. शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ असलेलं नाव दिसलं (बीटामेथासोन, क्लोबेटासोल वगैरे) तर डॉक्टरांना दाखव. एकदम बंद केली तरी चेहरा भडकतो, म्हणून तेही विचारूनच.

आता काय करावं. माझं मत, पटलं तर घे. आधी हार्मोन, मग मशीन. आतून नवे केस यायची ऑर्डर चालू असेल तर बाहेरून किती जाळणार? नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नकोस. टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, डीएचईएएस, प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि १७ हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या रक्ताच्या टेस्टबद्दल डॉक्टरांना विचार. शेवटची यासाठी की अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो. हे रक्त साधारणपणे पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी देतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गमी खात असशील तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांग, काही टेस्टचे आकडे त्याने चुकतात. आणि केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असतील, आवाज जाडा झाला असेल, तर हे सगळं वाचत बसू नकोस, लगेच एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) गाठ. क्वचित आत ट्यूमर निघतो.

औषधं म्हणजे बहुतेक गर्भनिरोधक गोळ्या, आणि गरज पडली तर स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनला अडवणारं औषध). गोळ्या मायग्रेन असेल किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर सांगूनच घ्यायच्या. स्पायरोनोलॅक्टोनवर असताना दिवस राहून चालत नाही. लग्न ठरतंय लिहिलंयस म्हणून मुद्दाम सांगतेय, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तू सांग. आणि फरक दिसायला सहा महिने धर, कारण केसाचं चक्रच तेवढं लांब. तिसऱ्या महिन्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणाऱ्या खूप बघितल्या. मेटफॉर्मिन साखरेसाठी, पाळीसाठी ठीक, केसांवर त्याचा फारसा भरवसा नको. ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल’ म्हणणारे डॉक्टर भेटले तर फी देऊन उठायचं. बेसन, मसुराचं पीठ, हळद याने चेहरा स्वच्छ होतो, हनुवटीचं मूळ हलत नाही, आईला राग येऊ न देता सांग.

तोपर्यंत? सरळ रेझर. हो, दाढी. दाढीने केस जाड होत नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून बोटाला राठ लागतं, बस. हनुवटीवर थ्रेडिंगने मात्र केस तुटतात, आत वळतात, पुळ्या होतात आणि डाग राहतात, तुझ्या फोटोत जे ठिपके दिसतायत ते बरेचसे त्याचेच असावेत (अंदाज हं). आंघोळीनंतर ओल्या कातडीवर जेल लावून केसांच्या दिशेने, ब्लेड स्वतःचं वेगळं. मी रोज सकाळी दात घासले की करते, नवऱ्याला माहितीये, विषय संपला.

लेसर वाईट नाही, हे पण लिहिते नाहीतर घाबरशील. हार्मोन आटोक्यात आल्यावर स्किनच्या डॉक्टरांकडेच मी फक्त हनुवटी आणि ते नवे कल्ले केले, एनडी याग १०६४ नावाच्या लेसर मशीनवर, सावळ्या कातडीला ते त्यातल्या त्यात सुरक्षित. खूप कमी झाले, शून्य नाही, अधूनमधून टचअप लागतोच. विचारायचं एवढंच की मशीन कुठलं, चालवणार कोण, आणि आधी छोट्या जागेवर करून बघणार का (टेस्ट पॅच). यावर ‘लेटेस्ट आहे मॅम’ आलं की चप्पल घालायची. पांढरे झालेल्या केसांवर लेसर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस (बारीक सुईने वीज सोडून एकेक मूळ मारणं), पण ते नीट करणारे हात आपल्याकडे कमी. आणि लेसर करायचं ठरलं तर त्याआधी काही आठवडे थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा बंद, मूळच उपटलं तर जाळणार काय. रेझर चालतो.

पैसे भरले असशील तर पावती, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, रोजच्या उजेडातले फोटो जपून ठेव. ‘नॉन-रिफंडेबल’ छापलं म्हणजे देवाची रेघ नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मी त्या दोन वर्षांत ‘अजून एक सिटिंग’ ऐकत बसले होते, त्यामुळे माझे पैसे बुडाले ते बुडालेच.

भरले नसशील तर उद्या त्यांना फोन करून नाही सांग, कारण विचारलं तर काही सांगू नकोस, तासभर सोडत नाहीत. टेस्ट झाल्या की रिपोर्ट इथे टाक, नाव आणि फोन नंबर झाकून, आपल्यात दोघीतिघींना आकडे कळतात.