काडीमोडाचा बाँड आणि तारखांचा क्रम

चि. लेकरा,

पुढच्या महिन्यात अमेरिकन सिटिझनशी दुसरं लग्न करायचं म्हणतेस, म्हणून तू पाठवलेला बाँडपेपरचा फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. वर नोटरीचा शिक्का, खाली दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या, आणि मधे ‘आजपासून उभयतांचा एकमेकांशी काही एक संबंध राहिलेला नाही’. औशाकडे याला काडीमोड म्हणतात. तुझ्या वडिलांनी तो किती विश्वासाने करून घेतला असेल, हे मी समजू शकते. पण लातूरच्या कोर्टात तीस वर्षं हीच कामं केली म्हणून स्पष्ट सांगते, या कागदाने तुझं लग्न मोडलेलं नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, कलम २९ मध्ये. मात्र आपल्या समाजात ती रूढी पूर्वापार चालत आली आहे, हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. पंचांनी सह्या केल्या म्हणून ती सिद्ध होत नाही. अमेरिकेतलं इमिग्रेशन खातंही हेच बघणार, की नवं लग्न लागलं त्या दिवशी जुनं कायद्याने संपलेलं होतं का. नसेल तर त्यांच्या लेखी दुसरं लग्न झालेलंच नाही, आणि त्यावर उभा केलेला सगळा अर्ज कोसळतो. म्हणून पुढच्या महिन्याचं लग्न पुढे ढकल. होणाऱ्या नवऱ्याला वाईट वाटेल. वाटू दे. तुझ्यावर खरा जीव असेल तर तो थांबेल.

घटस्फोट लातुरात घ्यायचा की डॅलसला, असं विचारलंस. इथे संमतीचा अर्ज कलम १३-ब खाली होतो. त्याआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. पण तू आणि तुझा पहिला नवरा, दोघंही तिथेच राहता, सहा महिन्यांहून अधिक काळ टेक्सासमध्ये आहात, तर तिथेच कर. अर्जापासून ६० दिवस थांबावं लागतं. निकालानंतर आणखी ३० दिवस दुसऱ्या कुणाशी लग्न लावता येत नाही, न्यायाधीशांनी सूट दिली तरच येतं. फक्त एक सांभाळ: पहिल्या नवऱ्याने एकट्याने निकाल आणला असं व्हायला नको. दोघांनी हजर राहा, दोघांच्या संमतीने निकाल घ्या. परदेशातला निकाल आपल्याकडे कधी चालतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात घालून दिलं आहे, आणि दुसऱ्या बाजूने मनापासून संमती दिलेली असली तर तो इथेही टिकतो. नाहीतर तिकडे तू मोकळी आणि इकडे अजून त्याची बायको, अशी अवस्था होते. अशा बायका मी वर्षानुवर्षं खेटे घालताना पाहिल्या आहेत.

आता तुला ज्याची भीती वाटते ते. निकाल लागला त्या दिवशी तुझा एच-४, म्हणजे बायको म्हणून मिळालेला व्हिसा, संपतो, कारण तो पहिल्या नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर टेकलेला आहे. एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर ६० दिवसांपर्यंतची सवलत असते, तशी घटस्फोटात नाही. एच-४ वर मिळालेली काम करायची परवानगीही त्याच दिवशी संपली असं धर आणि काम थांबव. निकालाच्या आधीच बी-२ साठी, म्हणजे पाहुणी म्हणून राहण्यासाठी, स्टेटस बदलाचा अर्ज करता येतो, ते तिथल्या इमिग्रेशन वकिलाला आत्ताच विचार. मात्र घाबरून कोलमडू नकोस. तू रीतसर व्हिसा घेऊन, विमानतळावर तपासणी होऊन आत आली आहेस. सिटिझनची बायको म्हणून अर्ज करताना मधले काही दिवस स्टेटस नव्हतं, एवढ्यावरून ग्रीन कार्ड अडत नाही. सिटिझनच्या बायकोला वार्षिक कोट्याची रांगही नाही. पहिल्या नवऱ्याच्या नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढलीस, तिच्याशी याचा संबंध नाही. होणाऱ्या नवऱ्याचा आय-१३०, म्हणजे नात्याचा अर्ज, आणि तुझा आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, एकत्रच भरता येतात. हे सगळं तो खरोखर सिटिझन असेल तरच. नुसतं ग्रीन कार्ड असेल तर नियम वेगळे, म्हणून त्याचा पासपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

लेकीचं विसरू नकोस. तिचं नाव तुझ्या अर्जात आपोआप बसत नाही, तिच्यासाठी वेगळा आय-१३० लागतो.

आई म्हणतेय येळवशीच्या सणाला ये. माय, यंदा येऊ नकोस. आय-४८५ भरल्यावर ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची परवानगी, हातात नसताना देश सोडलास, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि आय-९४ वरची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवरची, राहण्याची शेवटची तारीख उलटून १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलीस तर तीन वर्षं, एक वर्ष झालं असेल तर दहा वर्षं परत येता येत नाही. रानातली आंबील आणि भज्जी पुढच्या वर्षीही असेल.

मावशी तुला म्हणाली की फॉर्मवर पहिलं लग्न लिहू नको, लोक काय म्हणतील. लेकरा, तुझा एच-४ त्या लग्नाच्याच दाखल्यावर मिळाला ना? त्यांच्याकडे सगळं आहे. लिहायचं, तारखेसकट लिहायचं, सोबत निकालाची प्रत जोडायची. सासरी त्रास झाला तो तू लपवलास, आता मोडलं तेही लपवायला सांगतात, याने माझा जीव जळतो. तुझ्या हातून यात काही लाजिरवाणं झालेलं नाही.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर ते दोन वर्षांचंच असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्ड कायम करायचा अर्ज, भरायचा. हे लग्न खऱ्या मनाने केलेलं असून पुढे मोडलं, तर तो अर्ज तुला एकटीलाही भरता येतो. हे मुद्दाम सांगते, कारण पहिल्या वेळी व्हिसा जाईल या धाकाने तू चार वर्षं गप्प बसलीस. तो धाक परत कुणाला घालू देऊ नकोस.

जन्मदाखल्याचं मी बघते. भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, पत्र्याच्या शेडमध्ये झालेलं लेकरू तू. ग्रामपंचायतीत नोंद सापडेल असं वाटत नाही. नोंद नसल्याचं लेखी घेते, सोबत शाळेची टी.सी. आणि आईचं शपथपत्र. सगळं मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर आणि खाली भाषांतर करणाऱ्याचं प्रमाणपत्र तू तिकडे करून घे. टी.सी.वर तुझं नाव जसं लिहिलंय तसं पासपोर्टवर आहे का, हे आज रात्री बघून मला कळव. सोमवारी मी गावाला जातेय.

तुझी,
वकीलकाकू