पाइप घ्यायच्या आधी टाकीची उंची मोजा

भाऊ, "सगळीकडे अर्धा इंची पाइप टाकून देतो" असं प्लंबर म्हणाला म्हणून लगेच मान डोलावू नका. गच्चीवरची टाकी शॉवरच्या किती वर आहे ते आधी बघा. दहा फूट उंचीला जेमतेम 0.3 बार (बार म्हणजे दाबाचं माप) प्रेशर मिळतं. तुमचं बाथरूम वरच्याच मजल्यावर, म्हणजे अंतर पाच-सहा फूट असेल. एवढ्यावर मोठा रेन शॉवर नुसता टपकतो. तो हवाच असेल तर प्रेशर पंप लावा.

टाकीतून उतरणारी लाइन एक किंवा सव्वा इंची घ्या, बाथरूममध्ये पाऊण इंची फिरवा आणि नळापाशी शेवटचा हातभर तुकडा तेवढा अर्धा इंची ठेवा. अर्धा इंची सीपीव्हीसीचं (गरम-गार पाण्याचा प्लास्टिक पाइप) आतलं भोक साधारण 12-13 मिमी, पाऊण इंचीचं 18 च्या आसपास. म्हणजे पाण्याला वाट दुप्पट! फ्लश टाकीला अर्धा इंची पुरतो. भिंतीतला फ्लश व्हॉल्व्ह (फ्लश टाकीऐवजी थेट लाइनवर चालणारा) असेल तर मात्र त्याला वेगळी, किमान सव्वा इंची लाइन.

गीझरकडून येणारी लाइन उगाच जाड करू नका. जाड पाइपात गार पाणी जास्त साचतं, ते सोडून दिल्यावर कुठे गरम येतं.

आणि आपलं नागपूरचं ऊन! मे महिन्यात 45 अंशांत पश्चिमेच्या भिंतीवरची उघडी लाइन तापून थंड नळही चटका देतो. ती सावलीच्या बाजूने उतरवा, गच्चीवरच्या तुकड्याला इन्सुलेशन गुंडाळा. टाइल्स लावण्याआधी प्रेशर टेस्ट (लाइनीत दाबाने पाणी भरून गळती बघणं) तुमच्यासमोर करून घ्या.