अडीच वर्षांचे राहिलेले हिशेब आणि त्यांचा खर्च

छोट्या व्यावसायिकांशी बोलताना एक प्रश्न वारंवार येतो, आणि तो विचारताना बहुतेकांचा आवाज खाली जातो : बरेच दिवस हिशेब लिहिलेले नाहीत, ते आता पूर्ण करून घ्यायचे तर किती खर्च येईल? ओळख पटू नये इतके तपशील बदलून त्याविषयीचा एक अनुभव येथे सांगते.

त्या बाईंचा छपाईचा छोटा व्यवसाय होता. आईच्या आजारपणात तीन महिन्यांचे हिशेब राहून गेले. नंतर ते एकदम लिहू म्हणून त्या बसल्या, पण तोवर चालू महिन्याचे कामही साचू लागले होते, आणि बघता बघता ३० महिने उलटले. कराची विवरणपत्रे भरली गेली नाहीत. करखात्याची पत्रे त्या न उघडता एका खणात ठेवत असत, आणि पहिल्या भेटीला येताना त्यांनी तो खण पिशवीत रिकामा करून आणला होता. "मॅडम, आहेत त्यापेक्षा जास्त पैसे लागले तर मी काय करू?" असे त्यांनी विचारले. एका हिशेबनिसाने त्यांना फोनवर महिन्याचा दर सांगितला होता. त्याला ३० ने गुणून आलेल्या रकमेने त्या इतक्या हादरल्या की पुढचे चार महिने त्यांनी तो विषयच काढला नाही.

मला त्या गुणाकाराबद्दलच शंका होती. राहिलेल्या हिशेबांचा खर्च महिन्यांच्या संख्येपेक्षा न उलगडणाऱ्या नोंदींच्या संख्येवर अधिक ठरतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे. भाडे, वीजबिल, ठरलेल्या व्यापाऱ्याकडून घेतलेला कागद या नोंदी दर महिन्याला सारख्याच असतात आणि एकदा ओळख पटली की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भराभर आपापल्या खात्यात जातात. वेळ जातो तो कारण न लिहिता काढलेल्या रोख रकमेवर, घरच्या खात्यातून केलेल्या धंद्याच्या खरेदीवर आणि अचानक जमा झालेल्या मोठ्या रकमेवर. ती रक्कम विक्रीची होती, आगाऊ आली होती की भावाने उसनी दिली होती, हे कागद पाहून कोणालाच सांगता येत नाही. उसनी रक्कम विक्री म्हणून लिहिली गेली तर जे उत्पन्न झालेच नाही त्यावर कर भरावा लागतो. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेले पैसे विक्रीत धरले जाणे, ही घाईने केलेल्या हिशेबांतली नेहमीची चूक आहे. इटालियन गणिती लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये छापील ग्रंथात मांडलेली दुहेरी नोंदीची पद्धत आजही टिकून आहे, कारण प्रत्येक रक्कम कोठून आली आणि कोठे गेली ही दोन्ही उत्तरे ती मागते. त्यांपैकी एक उत्तर फक्त मालकाच्या आठवणीत असते आणि आठवण दर महिन्याला पुसट होत जाते. टाळाटाळीने हे काम महाग होते ते मुख्यतः येथे.

आम्ही सुरुवात पत्रांपासून केली. माझ्या टेबलावर दोघींनी मिळून नऊ पाकिटे फोडली. त्यांतील एका पत्राला आठ दिवसांत उत्तर द्यायचे होते, म्हणून तेवढेच त्याच दिवशी करसल्लागाराकडे पाठवून मुदत मागून घेतली. हिशेबनिसाचे शुल्क थांबवता येते, पण दंड आणि व्याज दिवसांबरोबर वाढत राहतात, त्यामुळे हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. अनेक देशांत विवरणपत्र उशिरा भरण्याचा दंड वेगळा असतो आणि कर उशिरा भरण्याचा वेगळा, तेव्हा हातात पैसे नसले तरी विवरणपत्र भरणे सहसा हिताचेच ठरते. आपण होऊन पुढे येणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी सवलतही मिळते.

त्यानंतर त्यांनी दोन्ही बँक खात्यांची विवरणे उतरवून घेतली, कारण बँकेच्या संकेतस्थळावर जुनी विवरणे ठरावीक काळापुरतीच सहज मिळतात. उष्णतेने छापलेल्या पावत्यांवरची अक्षरे उडू लागली होती, त्यांची छायाचित्रे काढली. मग ओळख न पटणाऱ्या २१२ नोंदी बाजूला काढून त्या बाई चार संध्याकाळी जुने संदेश आणि कामाची वही घेऊन बसल्या, आणि त्यांतल्या जवळपास १६० सुटल्या. हे काम हिशेबनिसाने केले असते तर प्रत्येक नोंदीसाठी फोन, उत्तराची वाट आणि पुन्हा फोन असे झाले असते, आणि त्या साऱ्या वेळाचे पैसे त्यांनाच मोजावे लागले असते. उरलेल्या नोंदी सस्पेन्स खात्यात, म्हणजे खुलासा होईपर्यंत नोंदी तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, ठेवल्या.

शुल्क ठरवण्यासाठी मी त्यांना एक उपाय सुचवला : हिशेबनिसाला एक साधा महिना आणि एक सर्वांत गुंतागुंतीचा महिना करायला द्यावा, त्याचे पैसे चुकते करावेत आणि मगच उरलेल्या कामाची एकरकमी बोली करावी. ती बोली फोनवरच्या गुणाकाराच्या निम्म्याहून कमी झाली आणि रक्कम तीन टप्प्यांत देण्याचेही ठरले. मध्यंतरी एकाने नुसत्या बँकेच्या बेरजांवरून अंदाजे हिशेब आठवड्यात करून देण्याची तयारी दाखवली होती. मी त्याला स्पष्ट विरोध केला, कारण तसे आकडे चौकशीत टिकत नाहीत आणि तेच काम पुन्हा पैसे देऊन करावे लागते. विवरणपत्र भरलेल्या शेवटच्या वर्षाच्या ताळेबंदातील शिल्लक घेऊन तेथून पुढे क्रमाने यायचे, आणि चालू महिना मात्र पहिल्या दिवसापासून वेगळा लिहीत राहायचा, एवढे आम्ही पक्के केले.

एकूण खर्च कमी झाला असे मी म्हणणार नाही. दंड आणि व्याज भरावेच लागले, आणि पावत्या नसल्यामुळे काही खरे खर्चही वजा करता आले नाहीत. पण हिशेब लावताना पाच कामांची बिलेच दिलेली नव्हती आणि ११ बिलांचे पैसे आलेले नव्हते, हे उघड झाले. त्या ११ पैकी सात ग्राहकांनी स्मरणपत्र मिळताच पैसे दिले, दोघांनी इतक्या जुन्या बिलाला नकार दिला आणि दोन अजून बाकी आहेत. आलेल्या रकमेतून हिशेबनिसाचा पहिला टप्पा भागला.

सध्या दोन वर्षांची विवरणपत्रे भरून झाली आहेत आणि दंड हप्त्यांनी चालू आहे. सस्पेन्स खात्यात १९ नोंदी उरल्या आहेत. गेल्या महिन्यात करखात्याचे आणखी एक पाकीट आले, ते त्यांनी दारातच फोडले आणि संध्याकाळपर्यंत त्याची प्रत करसल्लागाराकडे पोहोचली होती.