शंका वाचकांच्या : डायनामो टेकवला की पायडल जड का होते?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातील 'विद्युतधारेचे परिणाम' या प्रकरणातले विद्युत जनित्र समजावून देण्यासाठी मी वडिलांची जुनी सायकल माळ्यावरून काढली. तिचा डायनामो, म्हणजे चाकावर फिरून दिव्याला वीज देणारे छोटे जनित्र, अजून चालतो. तो टायरला टेकवला की पायडल जड होते, हे आम्हा दोघांनाही जाणवले. हे केवळ घासण्यामुळे होते, की विजेचाही त्यात भाग आहे? शेजारचे गृहस्थ मोबाइलवर एक चित्रफीत दाखवतात, तिच्यात पंख्याच्या पात्यांना चुंबक चिकटवून बल्ब सतत पेटता ठेवलेला दिसतो. चुंबक झिजत नाही, मग अशी फुकट वीज का मिळू नये?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : विजेचा भाग आहेच, पण तुम्हाला पायाला जो जडपणा जाणवला त्यातला बराचसा डायनामोच्या खाचेदार डोक्याच्या टायरवरील घासण्याचा असणार. हा डायनामो जेमतेम ३ वॉटचा असतो, त्यामुळे सायकलवर ही दोन कारणे वेगळी ओळखणे अवघड जाते. त्यासाठी खेळण्यातल्या मोडक्या गाडीची मोटर दातेरी चाकांसकट काढावी; हाताने फिरवली की तीही डायनामोसारखी वीज निर्माण करते. तिच्या दोन्ही वायरी मोकळ्या ठेवून गाडीचे चाक बोटांनी झपाट्याने फिरवावे, आणि मग त्याच वायरींची उघडी टोके एकमेकींना पिळून पुन्हा फिरवावे. दुसऱ्या वेळी चाक कोणी आतून धरून ठेवल्यासारखे जड लागते, आणि घासणे तर दोन्ही वेळी तेवढेच असते. फरक पडला तो केवळ विजेला वाट मिळाल्यामुळे.

वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला की तारेत विद्युतधारा निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. चुंबक नुसता ठेवून काही होत नाही. तो हलला पाहिजे किंवा वेटोळे तरी हलले पाहिजे. ही धारा कोणत्या दिशेने वाहते, याचा नियम १८३४ मध्ये हाइन्रिख लेंझ यांनी मांडला. तारेत धारा वाहू लागताच तिचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते ज्या हालचालीमुळे धारा निर्माण झाली तिलाच विरोध करते. विरोधाऐवजी साहाय्य झाले असते, तर एकदा ढकललेले चाक आपोआप अधिकाधिक वेगाने फिरत गेले असते, आणि तसे चाक अद्याप कोणी पाहिलेले नाही. या विरोधावर मात करण्यासाठी तुमचे पाय जे कार्य करतात, तेच बल्बमध्ये प्रकाश आणि उष्णता होऊन बाहेर पडते. चुंबक हे रूपांतर घडवून आणतो, पदरचे काही देत नाही. चित्रफितीतल्या पंख्याच्या बैठकीखाली एखादा सेल दडवलेला असावा. शेजाऱ्यांना तो पंखा समोर उघडून दाखवायला सांगावे.

तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला नेऊन पोफळी येथे ४०० मीटरहून अधिक खाली सोडले जाते, आणि ते जनित्रांना जोडलेली चक्रे फिरवते. कोयना प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. संध्याकाळी घरोघरी दिवे आणि मिक्सर सुरू झाले, म्हणजे जनित्रांच्या वेटोळ्यांतील धारा वाढते, तिच्याबरोबर विरोधही वाढतो आणि चक्रे मंदावू पाहतात. ती मंदावली तर विजेची वारंवारता, म्हणजे धारेची सेकंदाला होणारी आवर्तने, ५० हर्ट्झच्या खाली घसरेल, म्हणून झडपा अधिक उघडून चक्रांवर जास्त पाणी सोडावे लागते. पायडल जड झाल्यावर आपण जोर वाढवतो, त्यातलाच हा प्रकार.

हिशेबच करायचा, तर हजार लिटर पाणी ४०० मीटर खाली आले की, थोडीफार गळती धरून, साधारण एक युनिट वीज मिळते. म्हणजे घरावरची एक भरलेली टाकी आणि तीही इतक्या उंचीवरून! तेवढीच वीज ३ वॉटच्या डायनामोतून काढायची, तर सुमारे ३३३ तास पायडल मारावे लागेल. आपण वीजबिलावर युनिटचा आकडा पाहतो, त्यामागे केवढे कार्य आहे हे मुलांना या उदाहरणाने चटकन पटते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मग चुंबक कधीच कमजोर होत नाही का?
– एक विद्यार्थी, मिरज (जि. सांगली)

उत्तर : होतो, पण वीज दिल्यामुळे नव्हे. फार तापवला, हातोडीने ठोकला किंवा वारंवार फरशीवर पडला, तर त्याच्यातील सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रांची एका दिशेत लागलेली रांग विस्कटते. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले, तर कायम चुंबकाचा हा गुण ते पूर्णच गमावते. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील पट्टीचुंबकांची पेटी उघडून पाहा : चुंबक जोडीजोडीने, एकाच्या उत्तर ध्रुवाशेजारी दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव येईल असे, आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावून ठेवलेले असायला हवेत. तुकडे हरवले असतील, तर ते चुंबक हळूहळू कमजोर होत जाऊ शकतात.