गुरुजी, गवसणी काढा

परभणी जिल्ह्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलंय, वय ६७. चार पानं आहेत, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं वळणदार. सगळं छापत नाही, थोडक्यात सांगते.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, संभाजीनगरला ऑपरेशन होऊन सव्वातीन महिने झाले, पूर्ण ग्रंथीच काढली. नंतरचा पीएसएचा (प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट) पहिला रिपोर्ट ०.०३ आला, डॉक्टर म्हणले छान. पण लघवी थांबत नाही. खोकलं की, शिंकलं की, मांडी घालून बसलेलं उठलं की गळती. चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवला, गळ्यात माळ, आता देवळात पाऊल टाकवत नाही, "ओल्या कपड्यानं विटाळ नको". मित्र दारात आले की बायकोला सांगायला लावतात, झोपलेत म्हणून. गळू नये म्हणून पाणी पिणं निम्म्यावर आणलंय, अंथरूण वेगळं केलंय. यंदाच्या दिंडीचंही विचारलंय. शेजारचे एकजण म्हणले मागच्या जन्मीचं असतंय हे, ते मनाला लागलंय. "माळ घातलेल्याला हे का झालं, आणि झालं तर देवानं वाचवलं कशाला" असं एक वाक्य आहे. शेवटी लिहितात, "दुसरीही एक गोष्ट आहे, पण ती बाईमाणसाला लिहवत नाही." काकूंबद्दल एकच ओळ आहे (मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी कणीक लावतात, ती ही कणीक): "ती अजूनही दर एकादशीला मृदंगासाठी कणकीचा गोळा वाटीत काढून ठेवती, मी उठत नाही, सकाळी तो वाळून कडक झालेला असतो."

गुरुजी, नमस्कार.

ती वाटी माझ्या डोळ्यापुढून हलेना बघा. त्या वाटीकडं शेवटी येते, आधी पाण्याचं बोलू, कारण तिथं तुम्ही चूक करायलात. पाणी कमी केलं की लघवी घट्ट होती, घट्ट लघवीनं मूत्राशय चिडतं, जास्त वेळा कळ येती, वर जंतूसंसर्ग व्हायची भीती वेगळीच. किडनी-हृदयाचा त्रास नसला आणि डॉक्टरांनी बंधन घातलेलं नसलं तर दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, उन्हाळ्यात आपल्याकडं त्याहून जास्त लागतंय. कमी करायचं तर चहा कमी करा, दिवसातून सहा सहा कट मारणारी माणसं आपण, चहानं मूत्राशय लई चाळवतंय. आणि झोपायच्या आधी दोन तास पाणी जरा हात राखून. एवढंच.

आता हे गळतंय का, ते तुम्हाला नीट कुणी सांगितलेलं दिसत नाही. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती बसलेली आक्रोडाएवढी ग्रंथी. लघवी अडवायला दोन राखणदार असतात, एक वरचा, मूत्राशयाच्या तोंडाशी, आणि एक खालचा. ग्रंथी काढताना वरच्याचं काम बहुतेक जातंच, मग सगळा भार एकट्या खालच्यावर आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर पडतो. त्या स्नायूंना जन्मात असं काम पडलेलं नसतं, त्यांना शिकवावं लागतं, आणि शिकवायचं कसं हे गुरुजींना मी काय सांगू. तीन महिन्यात गळती असणं अगदी नेहमीचं आहे, सुधारणा वर्षभर होत राहती. वर्षानंतरही जास्तच राहिली तर त्यावरही ऑपरेशनं आहेत, नळीला खालून आधार देणारी पट्टी असती, कृत्रिम झडप असती. म्हणजे रस्ता बंद झालेला नाही.

व्यायाम असा. वायू सरताना आपण चारचौघात कसा आवळून धरतो, तेच स्नायू आवळायचे. पोट, मांड्या, कुल्ले ताणायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. किती वेळ, तर तुम्ही मृदंगवाले, तुम्हाला घड्याळ कशाला? भजनी ठेक्याच्या आठ मात्रा. एक आवर्तन आवळून धरा, एक आवर्तन सैल सोडा, अशी दहा आवर्तनं, दिवसातून तीनदा. सुरुवातीला आठ मात्रा टिकणार नाहीत, चारवर या, हळूहळू वाढवा. सैल सोडणं पण तितकंच महत्त्वाचं, ते लोक विसरतात. लघवी करता करता धार तोडायचा सराव मात्र रोज करू नका. आणि उठायच्या आधी, खोकायच्या आधी, मृदंग उचलायच्या आधी एकदा आवळायचं आणि मग उठायचं, ही खुबी हाताला बसली की बरीच गळती तिथंच थांबती. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानं सगळं बिघडतंय, भाकरी-पालेभाजी चालू ठेवा, लागलं तर रात्री इसबगोल. जमत नसलं तर फिजिओथेरपिस्ट हे शिकवतात, सर्जनला विचारा कुणाकडं जाऊ म्हणून.

हे सगळं मला कसं माहीत, तर आमचे आण्णा. माझे थोरले भाऊ, पाच वर्षापूर्वी हेच ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सोडताना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कसं सांभाळायचं हे सांगितलं, ते काढल्यावर काय होईल हे दारात उभ्या उभ्या दोन मिनिटात उरकलं, पॅडचं तर नाव पण निघालं नाही. आण्णा घरी आले आणि माजघरात जाऊन बसले ते दोन महिने. वहिनी रोज चार पायजमे धुवून गच्चीच्या मागच्या तारेवर वाळू घालायच्या, पुढच्या तारेवर नाही, रस्त्यावरून दिसतंय म्हणून. आम्ही बहिणी फोन करून उपदेश करायचो, चालत जा, पॉझिटिव्ह राहा, असलं काहीतरी. काडीचा उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो त्यांच्या एका टेलर मित्राचा. तो एक दिवस दुपारी आला, वहिनींनी झोपलेत म्हणलं, हा म्हणला झोपू द्या, मी चहा घेतो, आणि बाहेरच्या खोलीत तासभर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी आण्णाच वैतागून बाहेर आले. यानं तब्येत कशी आहे असं काही विचारलंच नाही, पिशवीतून एक काळी पॅन्ट काढली, आतून अस्तर लावून पॅड बसेल असा कप्पा शिवलेला, आणि म्हणला, "चल पारावर. चटई प्लास्टिकची हाय, सांडलं तर धुऊन टाकू." बस, एवढंच. आण्णा हसले का रडले हे वहिनींना पण सांगता येत नाही. पण गेले. आणि गंमत पुढंच आहे, पारावर हे उघड झाल्यावर आठ दिवसात तिथल्या दुसऱ्या एकानं हळूच सांगितलं की मला दोन वर्षं झाली रात्री चार-पाचदा उठावं लागतंय, धार बारीक येती. त्याला आण्णांनी स्वतः डॉक्टरकडं नेलं, वयानं होणारी प्रोस्टेटची साधी वाढ निघाली, गोळीवर भागलं. तोपर्यंत तो मनातल्या मनात मरायलाच लागला होता.

म्हणून सांगते, सगळ्या गावाला सांगू नका, एका मित्राला सांगा. तुमच्या पत्रात ते शाळेतले तुमचे जुने सहकारी आहेत ना, ज्यांनी तुमचं ऑपरेशन चालू असताना परभणीच्या तुराबुल हक दर्ग्यात जाऊन दुवा मागितली म्हणून तुम्ही लिहिलंय, त्यांनाच. ज्या माणसानं तुमच्यासाठी तिकडं हात पसरले त्याला तुम्ही इकडं झोपलोय म्हणून सांगायलात, हे बरं दिसत नाही गुरुजी, रागावू नका. मेडिकलवर मोठ्या माणसांचे पॅड मागायची लाज वाटत असली तर त्यांना आणायला सांगा, नाहीतर दुसऱ्या गावाहून आणा, ऑनलाइन पण मिळतात. एक पिशवी कायम तयार ठेवा, दोन पॅड, एक पायजमा, एक प्लास्टिकची थैली. पिशवी हाताशी असली की भीती निम्मी होती, उघडायची वेळ येवो न येवो.

आता विटाळाचं. मी काही मोठी भाविक नाही, एकादशी कधी धरते कधी विसरते, पण हे वाक्य वाचून मला राग आला, तुमच्यावर नाही, ज्यांनी हे तुमच्या डोक्यात भरलं त्यांच्यावर. तुम्ही औंढ्याला, नागनाथाच्या देवळात, किती वेळा गेला असाल. तिथली कथा तुम्हीच पोरांना वर्गात सांगितली असणार, नामदेव महाराज देवासमोर कीर्तन करायला उभे राहिले, पुजाऱ्यांनी मागं जा म्हणलं, ते गुपचूप मागं जाऊन गायला लागले आणि देऊळच फिरलं त्यांच्याकडं. नंदी अजून मागंच राहिलाय असं दाखवतात. खरंखोटं मला माहीत नाही, पण आपल्या मराठवाड्यानं ही कथा सातशे वर्षं जपून ठेवली ती कुणासाठी? देवळाच्या मागं उभं केलेल्या माणसासाठीच ना. आणि तुम्हाला तर कुणी मागं जा म्हणलेलं पण नाही, तुम्ही स्वतःच स्वतःला हाकललंय.

तरी मन मानत नसलं तर गाभाऱ्यात जाऊ नका, सभामंडपात खांबाला टेकून बसा. मांडी जमत नसली तर खुर्ची घ्या. मंडळी काय म्हणतील? मंडळी म्हणतील मृदंग आला.

मला का झालं, याचं उत्तर माळेत नाही. वय हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि घराण्यात असलं तर जोखीम वाढती. शेजाऱ्याला म्हणावं मागचा जन्म राहू द्या, या जन्मात तुमचा पीएसए तपासलाय का. तुमच्या भावांना आणि दोन्ही मुलांना मात्र नक्की सांगा, वडिलांना-भावाला असलेल्यांनी पंचेचाळीशीच्या आसपास डॉक्टरांशी या टेस्टबद्दल बोलावं. सुरुवातीला हा आजार कळतच नाही, काही दुखत नाही, म्हणून तर घोळ होतो.

श्रद्धा ठेवा, पण फेऱ्या चुकवू नका. ऑपरेशननंतर पीएसए जवळपास शून्य व्हायला पाहिजे, तुमचा झालाय. तो सुरुवातीची वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी बघत राहायचा असतो, ०.२ च्या वर गेला आणि परत तपासूनही तसाच आला तर डॉक्टर पुढचा विचार करतात, आणि तेव्हा पण रेडिएशनसारखे उपाय हातात असतात. कुणी झाडपाला देऊन टेस्टची गरज नाही म्हणलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि थंडी वाजून ताप, लघवीत रक्ताच्या गुठळ्या, लघवी तुंबणं किंवा धार एकदम बारीक होणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना, एकादशी असो का द्वादशी.

ती बाईमाणसाला न लिहवणारी गोष्ट. गुरुजी, मला कळली, आणि मी ५८ वर्षांची आहे, लाजायचं वय गेलं. प्रोस्टेटच्या दोन्ही अंगाला केसासारख्या नसा चिकटलेल्या असतात, त्या वाचवल्या तरी ऑपरेशनमध्ये बधिर होतात आणि जाग्या व्हायला वर्ष-दोन वर्ष घेतात. ताठरता येत नाही म्हणजे पुरुषपण गेलं असं काही नसतं. वीर्य आता येणार नाही, कारण ते बनवणाऱ्या ग्रंथीच काढल्यात, पण सुखाची जाणीव राहू शकती. गोळ्या आहेत, पंप आहे, इंजेक्शन आहे, सर्जन रोज असले प्रश्न ऐकतात, तुम्ही विचारा. फक्त मित्राकडून गोळी घेऊ नका, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असणाऱ्यानं ही घेतली तर बीपी एकदम कोसळतंय, जीवावर बेततंय. आणि काकूंशी बोला. तुम्ही अंथरूण वेगळं केलं त्याचं कारण त्यांनी स्वतःशी काय लावलं असेल याचा विचार केलाय का?

"वाचवलं कशाला" हे वाक्य मी दोनदा वाचलं. नुसतं थकून लिहिलं असेल तर ठीक, पण हा विचार परत परत येत असला, रात्री झोपू देत नसला, तर १४४१६ ला फोन करा, सरकारची टेलिमानस लाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि सर्जनला पण सांगा. कॅन्सरनंतर मन खचतं, त्याला पण औषध असतंय.

दिंडीचं म्हणाल तर यंदा महिनाभराची चाल नको, सर्जनला विचारून ठरवा. शेगावची पालखी परभणीत येती तेव्हा दर्शनाला जा, जमलं तर मित्रांसोबत थोडंसं चाला, मागं रिकामी जीप ठेवा. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

राहिली ती वाटी. काकूंनी एकदाही विचारलं नाही, येणार का म्हणून. नुसता गोळा काढला, प्रत्येक एकादशीला, म्हणजे सव्वातीन महिन्यात सहा-सात गोळे झाले गुरुजी, मी बोटावर मोजले. येत्या एकादशीला त्या कणीक मळायला बसल्या की मृदंगाची गवसणी काढा, भिंतीला धरून तो जरा पुसा, वाद्या ढिल्या झाल्या असतील त्या आवळा. काही बोलायची गरज नाही. देवळात जायचं जमलं नाही तर ओसरीवरच धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावा आणि त्या शाळेतल्या मित्राला बोलवून घ्या ऐकायला.

पायजमा मात्र काळा नाहीतर गडद निळा घाला, पांढरा नको. टेलर पाहिजे असला तर आण्णांचा मित्र अजून शिवतो.

तुमची,
ताई

ता. क. कणीक जरा घट्टच मळायला सांगा, इतक्या दिवसांनी वाजवायला बसलात की हात जोरात पडणार.