खोकला थांबला म्हणून पंप बंद करावा का?

ताई, तुम्ही विचारलंत: मुलगा सात वर्षांचा, धुळीच्या ॲलर्जीचा दमा, ब्युडेसोनाइडचा, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा, पंप सुरू करून तीन आठवडे झाले, रात्रीचा खोकला गेला, आणि आता सासूबाई म्हणतात, ‘बरा झालाय ना, मग बंद कर, सवय लागेल.’ हेच वाक्य नऊ वर्षांपूर्वी आमच्या घरात म्हटलं गेलं होतं, फक्त म्हणणारा मी होतो. मी डॉक्टर नाही, दमेकरी मुलीचा बाप आहे.

लेक तेव्हा सहा वर्षांची. महिनाभर खोकला नाही म्हणून मी आपल्या मनाने पंप कपाटात टाकला. काही आठवडे काहीच झालं नाही, मी खूश. मग गणपतीचं सामान माळ्यावरून काढलं, धूळ उडाली आणि रात्री दोन वाजता बरगड्या आत ओढत श्वास घेणारी पोर कडेवर घेऊन मी रिक्षा शोधत होतो.

ॲलर्जीच्या दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते आणि त्यामुळे त्या हुळहुळ्या होतात. धूळ, धूर, गार वारा, कधी नुसतं खदखदून हसणंही त्यांना आवळायला पुरतं. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, नळ्यांभोवतीचे स्नायू सैल करतो. मिनिटांत आराम पडतो, चार-सहा तासांत असर संपतो. सुजेला तो हात लावत नाही. ते काम ब्युडेसोनाइडचं, आणि ते सावकाश चालतं. खोकला काही आठवड्यांत थांबतो, हुळहुळेपणा उतरायला मात्र महिने लागतात. तुम्ही आत्ता बरोबर या दोन्हींच्या मधे उभ्या आहात.

अमेरिका आणि कॅनडात ५ ते १२ वर्षांच्या १,०४१ मुलांवर चार ते सहा वर्षं अभ्यास झाला, निष्कर्ष २००० साली आले. मेथाकोलिन, म्हणजे नळ्या आवळणारं चाचणीचं औषध, श्वासातून देऊन नळ्या किती मात्रेला आवळतात हे मोजत. ब्युडेसोनाइड घेणाऱ्यांच्या नळ्या जास्त सोसायला लागल्या, पण औषध थांबल्यावर तो फायदा टिकला नाही. म्हणजे सवय वगैरे काही नाही, नळ्यांचा मूळ स्वभाव परत येतो एवढंच. स्टेरॉइडने उंचीवर होणाऱ्या परिणामाचं विचाराल तर तेही लपवत नाही: तीच मुलं मोठी झाल्यावर ब्युडेसोनाइडवाल्यांची उंची नुसतं दिखाऊ औषध घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. माझ्या लेखी त्या रात्रीच्या रिक्षापुढे हे काहीच नाही, पण म्हणूनच डॉक्टर कमीत कमी पुरेल असा डोस शोधतात.

तोही कमी होतो, पण साधारण तीन महिने सगळं नीट चालल्यावर, पायरीपायरीने आणि डॉक्टरांच्या हातून. सर्दी-तापात किंवा प्रवासाच्या तोंडावर तर नाहीच.

त्याआधी औषध खरंच आत जातंय का ते बघा. पंप हलवायचा, स्पेसरमध्ये (पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात) एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा शांत श्वास. प्रत्येक श्वासाला स्पेसरच्या व्हॉल्व्हची, म्हणजे झडपेची, टकटक ऐकू येते, ती मोजायची. दुसऱ्या फवाऱ्याआधी पंप पुन्हा हलवायचा. शेवटी चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. आणि स्पेसर फडक्याने पुसू नका! मी वर्षभर तो घासून लख्ख ठेवत होतो. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध आतच चिकटून राहतं. साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा.

निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला तर डॉक्टरांना कळवा. बोलता बोलता धाप लागली, बरगड्या आत जायला लागल्या किंवा निळ्या पंपाने आराम पडला नाही, तर घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना टकटक मोजायला बसवा. आमच्याकडे ते काम माझ्या आईने घेतलं. लेकीने चार श्वासांत उरकलं तर ती स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘अजून दोन राहिले!’